‘आज तब्येत कशी आहे?’ शिरूरच्या गावांत विचारलेला हा साधा प्रश्न जगभरच्या संशोधनात कसा पोहोचला?

वढू बुद्रुक म्हटलं की सगळ्यात आधी आठवते ती छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून आत गेलं की शिरूर तालुक्यातलं हे गाव लागतं. पण आरोग्य आणि मानसशास्त्राच्या संशोधनात या गावाला आणखी एक ओळख आहे. घाना, केनिया, व्हिएतनाम, बांगलादेश इथल्या गावांच्या रांगेत ‘वढू’ हे नाव अनेक शोधनिबंधांत सापडतं.

या निबंधांवर नावं असतात डॉक्टरांची, प्राध्यापकांची, पीएचडी करणाऱ्यांची आणि परदेशातून आलेल्या पाहुण्या संशोधकांची. पण त्यातला एकेक आकडा तयार होतो तो कुणाच्या तरी ओट्यावर, चहाचा कप समोर असताना. ‘आज तब्येत कशी आहे?’ असं कुणीतरी विचारतं आणि समोरच्या आजी उत्तर देतात, त्यातून.

हे काम नेमकं कसं चालतं? त्यात नवे संशोधक काय करतात? त्यांना पैसे किती मिळतात? आणि आपल्या दारात असा संशोधक आला, तर आपले हक्क काय? सगळं एकेक करून समजून घेऊ.

वढूचं केंद्र नेमकं काय आहे?

ही गोष्ट सुरू होते पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलपासून. डॉ. बानू कोयाजी यांनी या हॉस्पिटलचं काम कित्येक वर्षं सांभाळलं. पेशंट शहरात येईपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांना दिसत होतं. म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत आणायचं, हा त्यामागचा विचार. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच पायावर २००२ मध्ये केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरनं एक वेगळं काम सुरू केलं. शिरूर आणि हवेली तालुक्यातल्या २२ गावांतल्या प्रत्येक घराची नोंद ठेवायची. कोण जन्मलं, कोण वारलं, कुणाचं लग्न झालं, कोण कामासाठी गाव सोडून गेलं, कोण नव्याने राहायला आलं, हे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घरी जाऊन लिहून घ्यायचं. जनगणना दहा वर्षांतून एकदा होते. ही नोंद मात्र सतत चालू राहते.

संशोधकासाठी अशी नोंद म्हणजे तयार शेत. एखाद्याला ‘साठीच्या पुढच्या बायकांमधला एकटेपणा’ असा विषय घ्यायचा असेल, तर आधी अशा बायका किती आणि कुठे राहतात, हे शोधण्यातच वर्ष जातं. इथे ती यादी आधीच असते. शिवाय पाच वर्षांनी त्या बाईंचं काय झालं, हेही कळू शकतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वढू हे विद्यापीठाचं केंद्र नाही, एका हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेचं आहे. पण विद्यापीठांतले विद्यार्थी आणि देशोदेशीचे संशोधक त्याच्याशी जोडलेले असतात.

एक प्रश्न, पाच उत्तरं

२००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या अभ्यासाचा एक भाग वढूत झाला. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांची तब्येत आणि त्यांचं आयुष्य कसं चाललंय, हे त्यात विचारलं गेलं. हाच अभ्यास दक्षिण आफ्रिका, टांझानिया, केनिया, घाना, व्हिएतनाम, बांगलादेश आणि इंडोनेशियातही झाला. आठ केंद्रं मिळून ४६ हजारांपेक्षा जास्त लोकांशी बोलणं झालं.

त्यातला एक प्रश्न असा होता: एकूणात, आज तुमची तब्येत कशी आहे? उत्तराला पर्याय पाच. खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट.

प्रश्न सोपा वाटतो. पण शिरूरमधल्या एखाद्या आजींना विचारा. पहिलं उत्तर येणार, ‘बरं चाललंय की!’ पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही आपली सवय. दुसरी अडचण शब्दाची. ‘तब्येत’ म्हणजे आरोग्य, तसंच तब्येत म्हणजे अंगकाठी. ‘तब्येत उतरली’ याचा अर्थ बारीक झाला. मग आजी नक्की कशाचं उत्तर देतायत?

तिसरी अडचण तुलनेची. रोज शेतात राबणाऱ्या सत्तरीतल्या बाईंना गुडघेदुखी हा आजार वाटत नाही, ‘वयानं व्हायचंच’ असं वाटतं. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तेवढ्याच वयाच्या बाई तेवढ्याच दुखण्याला ‘तब्येत वाईट’ म्हणतील. दोघींच्या उत्तरांची तुलना करायची कशी?

यावर मानसशास्त्रात एक युक्ती आहे. आधी समोरच्याला एका काल्पनिक माणसाची छोटी गोष्ट सांगायची. उदाहरणार्थ: ‘एक बाई आहेत. त्यांना चालताना त्रास होत नाही, पण डोक्यावर हंडा घेऊन चढ चढला की दम लागतो. त्यांची तब्येत कशी म्हणाल?’ सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली, की कोण कडक मोजतं आणि कोण सैल मोजतं, याचा अंदाज येतो. त्यानुसार स्वतःबद्दलच्या उत्तराकडे बघता येतं.

वढूतल्या या माहितीवर सिद्धिविनायक हिरवे यांनी स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात पीएचडी केली. त्यांचा प्रबंध २०१४ मध्ये आला आणि त्याचा विषयच हा होता: भारतातल्या वयस्कर माणसांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल दिलेल्या उत्तराचा अर्थ काय? गोष्ट सांगण्याची ती युक्ती आफ्रिका आणि आशियातल्या केंद्रांत खरंच कितपत लागू पडते, हेही त्यांनी तपासलं.

या कामातून पुढे आलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी स्वतःची तब्येत ‘वाईट’ सांगितली होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. म्हणजे आजी-आजोबा ‘बरं वाटत नाही’ म्हणतात, तेव्हा ‘त्यांचं रोजचंच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. कसलीही मशीन न लावता मिळालेली ती माहिती असते.

आईच्या रक्तातलं बी-१२ आणि मुलाचं लक्ष

मुलांच्या बुद्धीचा आणि मनाचा अभ्यासही याच केईएममधून झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यात सोबत होत्या. आठशेच्या आसपास गरोदरपणांची नोंद झाली. आई काय खाते, किती काम करते, तिच्या रक्तात काय आहे, हे सगळं लिहिलं गेलं. नंतर जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा सुरू झाला, तो ती मोठी होईपर्यंत चालू राहिला.

या अभ्यासातलं ‘हडकुळं पण चरबी जास्त’ असं भारतीय बाळाचं वर्णन पुढे खूप गाजलं. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर साउथहॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो.

ही मुलं साधारण नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या १०८ जणांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या गेल्या. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व खूप कमी होतं असा एक गट, आणि भरपूर होतं असा दुसरा. मुलांना काय करायचं होतं? ऐकलेले अंक उलट्या क्रमाने सांगायचे, विखुरलेले आकडे क्रमाने जोडत जायचे, ठोकळ्यांनी नक्षी जुळवायची. बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं लक्ष टिकवण्यात आणि थोड्या वेळापुरतं लक्षात ठेवण्यात मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. हा निबंध २००८ मध्ये आला.

मग विषय संपला का? नाही. २०१० मध्ये म्हैसूरच्या मुलांवरचा असाच अभ्यास आला. तिथे आईच्या रक्तातल्या फोलेटचा मुलांच्या गुणांशी संबंध दिसला, बी-१२ चा दिसला नाही. म्हणूनच ‘अमुक खा, मूल हुशार होईल’ असा फॉरवर्ड आला, की तो एकाच अभ्यासावर उभा आहे का, हे आधी बघायला हवं.

पुण्यातल्या टीमने पुढची पायरी चढली. १९९३ च्या अभ्यासातली मुलं-मुली वयात आल्यावर २०१२ पासून त्यांना गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. काहींना बी-१२, काहींना बी-१२ सोबत इतर पोषक घटक, काहींना नुसती दिखाऊ गोळी. त्या मुलींची लग्नं झाली, बाळं झाली. ती बाळं दोन ते साडेतीन वर्षांची असताना त्यांच्या वाढीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. २०२१ मध्ये आलेल्या निबंधानुसार, गरोदर राहण्याआधीपासून बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं समज आणि भाषा यांत पुढे होती. तपासलेली मुलं थोडी होती, त्यामुळे हा निष्कर्ष मोठ्या अभ्यासात पुन्हा तपासावा लागेल.

आजी, आई आणि नातवंड. एकाच घरातल्या तीन पिढ्या एका संशोधनात आल्या.

अडचण कुठे आहे? वेळेच्या गणितात

आता नव्या संशोधकाच्या बाजूने बघू. हा अभ्यास तीस वर्षं चालला. युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. प्रकल्पावरच्या सहायकाची नेमणूक निधी असेपर्यंतच असते. परदेशातून आलेला पाहुणा तर काही आठवडे किंवा काही महिने राहतो.

म्हणजे ज्या मुलाची चाचणी नवव्या वर्षी घेतली, त्याचं अठराव्या वर्षी काय झालं, हे बघायला बहुतेक वेळा तोच संशोधक नसतो.

पैशाचं गणितही अवघड आहे. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये आणि नंतर ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएचडी करणाऱ्याला महिन्याला ८ हजार रुपये मिळतात. पुण्याचं विद्यापीठ राज्याचं आहे, तिथे हे ८ हजारही लागू नाहीत. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिप आहेत. पण त्या कधीपासून आणि किती जणांना मिळणार, यावरून पुण्यात विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत.

त्यामुळे काय होतं? गावात जाऊन वर्षभर माणसं ओळखण्यापेक्षा, गुगल फॉर्म पाठवून दोनशे कॉलेज विद्यार्थ्यांकडून भरून घेणं परवडतं. मग ‘भारतीय तरुणांचं मानसिक आरोग्य’ अशा नावाच्या निबंधात प्रत्यक्षात एका शहरातल्या दोन कॉलेजांची मुलं असतात. शिरूरचा कांदा उत्पादक, रांजणगावच्या कंपनीतला कंत्राटी कामगार किंवा दौंडचा रेल्वे कर्मचारी त्यात येतच नाही.

म्हणूनच वढूसारख्या केंद्राची किंमत मोठी आहे. संशोधक बदलतो, पण नोंदी, घरांची यादी आणि गावाशी असलेली ओळख टिकून राहते. ही ओळख टिकवतात ते फिल्डवर काम करणारे. कोणत्या घरी सकाळी गेलं तर कुणी भेटणार नाही, कुठे सासूबाई बसलेल्या असताना सुनेला प्रश्न विचारायचा नाही, हे त्यांना माहीत असतं. नव्याने आलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून कळत नाही.

पाहुणा संशोधक आला, की काय नियम?

परदेशी संशोधक आला आणि सर्व्हे करून गेला, असं करता येत नाही. त्याला त्यासाठीचा योग्य व्हिसा लागतो. आरोग्य संशोधनात परदेशी संस्थेची भागीदारी किंवा पैसा असेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. रक्ताचे नमुने बाहेर न्यायचे असतील, तर तेही याच वाटेने.

त्याआधी संस्थेची नैतिकता समिती असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. कायद्याचा जाणकार हवा आणि एक सामान्य नागरिकही हवा.

मानसशास्त्रात आणखी एक पायरी आहे. परदेशी चाचणी नुसती भाषांतर करून चालत नाही. ही अडचण जुनी आहे. बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, तेव्हाही हेच करावं लागलं होतं. चित्रातली वस्तू मुलाने कधी पाहिलीच नसेल, तर चूक मुलाची की चाचणीची? त्यामुळे आधी मराठीत भाषांतर, मग दुसऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत, मग गावातल्या थोड्या लोकांवर चाचपणी, असं चालतं.

जो संशोधक येतो, माहिती घेतो आणि स्थानिकांना श्रेय न देता निघून जातो, त्याच्या कामाला जगभर ‘हेलिकॉप्टर संशोधन’ म्हणतात. याविरोधात २०२२ च्या केपटाउन परिषदेतून एक जाहीरनामाही पुढे आला. त्यात स्थानिक संशोधकांना सुरुवातीपासून सहभागी करून घ्या, असा आग्रह आहे. तरीही दारोदार फिरणाऱ्यांची नावं अजून बहुतेक वेळा शेवटच्या आभाराच्या ओळींतच येतात.

तुमच्या दारात सर्व्हेवाले आले तर?

हे हक्क लक्षात ठेवा.

१. अभ्यास कुठल्या संस्थेचा आहे, कशासाठी आहे, हे विचारा. ओळखपत्र बघा.

२. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवायला सांगा. त्याची प्रत मागा.

३. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल, तर देऊ नका. अभ्यासातून मध्येच बाहेर पडता येतं. त्यामुळे दवाखान्यातले उपचार थांबवता येत नाहीत.

४. मूल १८ वर्षांखालचं असेल, तर पालकांची परवानगी लागते. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो.

५. नैराश्य किंवा जीव द्यायचे विचार याबद्दल विचारत असतील, तर ‘असं कुणात आढळलं तर पुढे काय मदत देणार?’ हे जरूर विचारा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे.

६. निष्कर्ष आले की गावाला सांगणार का, हेही विचारा. हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.

शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात यायचं असेल तर?

भीमेपलीकडचा दौंड तालुका वढूच्या २२ गावांत येत नाही. पण वाट दोन्ही तालुक्यांसाठी सारखीच आहे. शिरूरचं सी. टी. बोरा महाविद्यालय आणि दौंडचं के. जी. कटारिया महाविद्यालय, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पदवीनंतर मानसशास्त्रात एमए करता येतं. विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग १९५० पासूनचा आहे.

एमएनंतर दोन रस्ते आहेत. एक, नेट देऊन पीएचडी. २०२४ पासून पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जाऊ लागले आहेत. दुसरा, आधी एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून काम. मुलाखती घेणं, चाचणी नियमाप्रमाणे घेणं, माहिती भरणं आणि तपासणं हे तिथे शिकायला मिळतं. पीएचडीला विषय निवडताना याचा उपयोग होतो.

इथे गावाकडच्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट आधीपासून असते. ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणजे चिंता, ‘कशात मन लागत नाही’ म्हणजे कदाचित नैराश्याची सुरुवात, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आजी ‘बरं चाललंय की’ म्हणाल्या, तरी पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे त्याला घरातूनच माहीत असतं.

वढूच्या नोंदींतून निघालेले निबंध आज स्वीडनपासून घानापर्यंत वाचले जातात. पुढचे निबंध लिहिणाऱ्यांत शिरूर आणि दौंडच्या मुला-मुलींची नावं असतील का, हे मात्र फेलोशिप वेळेवर मिळते का आणि प्रकल्पावरचं काम किती वर्षं टिकतं, यावर ठरणार आहे.